पोर्टहोलचं रबर बदलायचंय: होडी कारवारला, सामान बेळगावात

खानापूर_रोड

नमस्कार मंडळी. २४ फुटी फायबरची केबिनवाली होडी आहे, कारवारला कोडीबागेच्या बाजूला काळी नदीत बांधलेली असते. राहायला बेळगावात, त्यामुळे होडीवर जाणं महिन्यातून दोनदा. केबिनला उघडणारी एकूण ६ पोर्टहोल, म्हणजे छोट्या खिडक्या, आहेत. बाजूंना ४ आयताकृती, ॲल्युमिनियमची चौकट आणि ॲक्रिलिकची काच. पुढे २ गोल, ब्राँझची, खऱ्या काचेची.

मापं घेऊन ठेवली आहेत. आयताकृतींची चौकट बाहेरून ३८० बाय १९० मिमी. रबराची खोबणी चौकटीतच आहे, ६ मिमी रुंद आणि ४ मिमी खोल. खोबणीच्या मध्यरेषेवर माप ३४० बाय १५०, कोपऱ्यांची त्रिज्या ४०. गोल पोर्टहोलची खोबणी ७ रुंद, ५ खोल, मध्यरेषेचा व्यास १७०.

जुनं रबर चपटं झालंय, नखानं दाबलं तर खूण उमटत नाही, वाकवलं की भेगा दिसतात. पाऊस लागला की उजवीकडच्या दोन खिडक्यांतून खालच्या कोपऱ्यात पाणी येतं. तिसऱ्या एकीत मात्र पाणी चौकटीच्या खालून, आतल्या प्लायवरून ओघळतं आणि तांबूस डाग पडलाय. आधीच्या मालकानं बाहेरून सगळीकडे सिलिकॉन फासून ठेवलंय.

प्रश्न असे: रबर कुठल्या जातीचं आणि किती जाडीचं? बेळगावात मिळेल का, की गोव्यालाच जावं लागेल? चौकटी काढून घरी आणून काम करता येईल का, आणि तेवढे दिवस भोकं कशानं बंद ठेवायची? मिरगाच्या आत उरकायचं आहे.

---

फायबर_सदाशिवगड

दादा, रबराकडे नंतर या. आधी पाणी कुठून येतंय ते ठरवा, कारण तुम्ही लिहिलेल्या तीन खिडक्यांत दोन वेगळे आजार दिसताहेत.

उघडणाऱ्या पोर्टहोलमध्ये पाण्याला वाट मिळेल असे तीन सांधे असतात. पहिला, झाकण आणि चौकट यांच्यामधलं रबर. दुसरा, काच आणि झाकणाची कड यांच्यामधला. तिसरा, अख्खी चौकट आणि केबिनची भिंत यांच्यामधला, म्हणजे चौकट ज्या मसाल्यावर (सीलंटवर) बसवलेली असते तो. पहिल्यातून आलेलं पाणी चौकटीच्या आत दिसतं. तिसऱ्यातून आलेलं चौकटीच्या मागून, भिंतीच्या पोटातून येतं आणि येताना प्लायचा रंग घेऊन येतं. तुमचा तांबूस डाग हा तिसऱ्याचा. तिथं कितीही भारी रबर घातलंत तरी गळती तशीच राहणार.

आणखी एक चौथी गोष्ट आहे जी सांधा नाही, पण सगळ्यात जास्त वेळा तीच निघते. चौकटीच्या बाहेरच्या बाजूला, अगदी खाली, पाणी निचरायला एक-दोन बारीक खाचा असतात. झाकणाबाहेर उंबऱ्यावर साचलेलं पाणी तिथून वाहून जातं. खाचा बुजल्या की पाणी साचून रबराच्या वर चढतं आणि खालच्या कोपऱ्यातून आत येतं. तुमच्या दोन खिडक्यांचं वर्णन वाचून मला आधी हीच शंका आली. त्यातून मालकानं बाहेरून सिलिकॉन फासलंय म्हणता. बारीक काडीनं किंवा विणायच्या सुईनं टोकरून बघा. तार घालू नका, ॲल्युमिनियमवर ओरखडा पडला की खारी हवा तिथून चौकट खायला लागते.

मग रबराची परीक्षा. कागदाची दोन बोटं रुंदीची पट्टी घ्या, वहीचा कागद चालेल. पट्टी रबरावर ठेवून झाकण नेहमीसारखं बंद करा आणि पट्टी ओढा. दर ५ सेंटिमीटरवर असं करत पूर्ण फेरी मारा. सगळीकडे सारखीच अडली पाहिजे. जिथं सुळकन निघून येते तिथं दाब नाही. बिजागरीच्या बाजूला घट्ट आणि समोर सैल, असं निघालं तर दोष रबरापेक्षा बिजागरीत असतो.

शेवटी पाण्याचा पाइप. दोन माणसं लागतात, एक बाहेर आणि एक आत बॅटरी घेऊन. पाणी जोरात मारायचं नाही, नुसतं सोडायचं, आणि सुरुवात खालून करायची. आधी फक्त चौकटीची खालची कड ५ मिनिटं, मग बाजू, मग वरची कड, सगळ्यात शेवटी झाकण. वरून सुरू केलंत तर पाणी सगळ्याच सांध्यांवरून उतरतं आणि कुठून शिरलं ते कळत नाही. आतल्या माणसानं चौकटीभोवती आधी खडूची पूड लावून ठेवली की पहिला थेंब कुठून फुटला ते लगेच दिसतं.

पहाटेचे थेंब मोजू नका. थंडीत केबिनमध्ये झोपलेल्या माणसांच्या श्वासाचा दमटपणा ॲल्युमिनियमवर धरतो. तो दव, गळती नव्हे.

---

उद्यमबाग_पॅकिंग

रबराबद्दल मी सांगतो. गोव्याला जायची गरज नाही, पण बेळगावात एक फसगत ठरलेली आहे, ती आधी ऐका.

उद्यमबागेत हायड्रॉलिक्सचं काम मोठं. त्यामुळे दुकानात जाऊन "५ एमएम ओ-रिंग कॉर्ड द्या" म्हटलं की समोर येतं ते काळं नायट्राइल रबर. तेलासाठी ते उत्तम, पण उन्हात आणि हवेतल्या ओझोनपुढे टिकत नाही. ताणाखाली असलेल्या नायट्राइलला उघड्यावर आडव्या भेगा पडतात. तुमच्या जुन्या रबरावर वाकवल्यावर दिसतात त्या याच जातीच्या. तुम्हाला पाहिजे ईपीडीएम. ऊन, पाऊस, मीठ, ओझोन या सगळ्यांत ते वर्षानुवर्षं तग धरतं. त्याचं वावडं एकच: पेट्रोल, डिझेल, ग्रीस.

दोन्ही रबरं दिसायला सारखीच काळी. ओळखायची सोपी पद्धत म्हणजे बोटभर तुकडा मागून घ्या, व्हर्निअरनं जाडी मोजा आणि रात्रभर डिझेलमध्ये बुडवून ठेवा. सकाळी तुकडा फुगून जाड आणि लिबलिबीत झाला असेल तर ते ईपीडीएम. जसाच्या तसा राहिला तर नायट्राइल, परत करा. पूर्ण माल घेण्याआधी ही एक रात्र घालवाच.

सिलिकॉन रबराची दोरीही मिळते. उन्हाला तीही पक्की आहे. पण ती सहज फाटते आणि सिलिकॉनखेरीज दुसऱ्या कशानं चिकटत नाही. जिथं सांधा करावा लागतो तिथं ईपीडीएमच बरं.

आता जाडी. घन रबर दाबलं म्हणून त्याचं आकारमान कमी होत नाही, ते फक्त बाजूला सरकतं. त्यामुळे खोबणीत त्याला सरकायला जागा पाहिजे. तुमची खोबणी ६ बाय ४, म्हणजे छेद २४ चौरस मिमी. ५ मिमी व्यासाच्या गोल दोरीचा छेद १९.६. खोबणी साधारण ८२ टक्के भरते, आणि दोरी काठाच्या वर १ मिमी राहते, म्हणजे झाकण बसल्यावर २० टक्के दाब. हेच पाहिजे. घन रबराला १५ ते २५ टक्के दाब पुरतो. "जरा जाड घातलं तर जास्त घट्ट बसेल" म्हणून ६ मिमी घेतलीत तर छेद होतो २८.३, म्हणजे खोबणीपेक्षा जास्त. झाकण बसतच नाही, मग माणूस विंग नट पान्यानं पिळतो आणि बिजागरीचे कान मोडतात. गोल पोर्टहोलला ७ बाय ५ म्हणजे ३५ चौरस मिमी, तिथं मात्र ६ मिमीची दोरी बरोबर: ८१ टक्के भराव, १७ टक्के दाब.

कडकपणा सांगून घ्या. ओ-रिंगची दोरी साधारणपणे ७० शोअरची येते. ती मशीनच्या बोल्टनं दाबायला असते. दोन बोटांनी फिरवायच्या विंग नटला ती दबत नाही. ४० ते ५० शोअर ए मागा.

हा सगळा हिशोब झाकणाचा भाग सपाट असेल तर. झाकणाला आतून उभी धार असेल आणि ती रबरात रुतत असेल, तर घन दोरी नको. तिथं बंद पेशींचा ईपीडीएम स्पंज घ्यायचा, चौकोनी पट्टी, आणि त्याला ३० ते ४० टक्के दाब द्यायचा. स्पंजचा तुकडा पाण्यात बुडवून दाबा, सोडा, बाहेर काढून पिळा. पाणी निघालं तर पेशी उघड्या आहेत, तो स्पंज सोफ्याच्या कामाचा. तेव्हा झाकण उघडून बघा की सपाट आहे का धारेचं, आणि इथं लिहा.

लांबी: आयताकृतीला २ × (३४० + १५०) = ९८०, त्यातून चार कोपऱ्यांचे ३२० वजा, गोलाईचे २५१ अधिक, म्हणजे ९११ मिमी. चार खिडक्यांना ३.६५ मीटर. गोल एकाला ५३४ मिमी, दोघांना १.०७ मीटर. ५ मिमीची ५ मीटर आणि ६ मिमीची २ मीटर घ्या. पहिला सांधा वाया जातोच, आणि उरलेलं तुकडा म्हणून होडीत ठेवायला बरं.

कापताना दोरी मापापेक्षा १ टक्का जास्त ठेवा, म्हणजे ९११ ला ९२०. खोबणीत घालताना ढकलत घाला, ओढत नाही. ओढून बसवलेलं रबर आठवड्याभरात आपल्या मूळ लांबीला परत येतं आणि सांध्यात फट पडते. नवीन रबर घालूनही महिन्यात गळायला लागलं, असं म्हणणाऱ्या बहुतेकांचं कारण हे.

सांधा नेहमी वरच्या बाजूला मधोमध. पाणी खाली उभं राहतं, सांधा तिथं ठेवायचा नाही. कोपऱ्यात तर मुळीच नाही.

सांध्याचा काप सरळ येण्यासाठी एक ठोकळा करा. सागाचा अंगठ्याएवढा तुकडा, त्यात ५ मिमीचं आरपार भोक, आणि त्या भोकाला ४५ अंशांत छेदणारी करवतीची एक चीर. दोरी भोकात सरकवायची आणि नवं पातं चिरीतून एका दमात खाली. पुढे-मागे करवतल्यासारखं केलं की कापाला पायऱ्या पडतात आणि त्या पायऱ्यांत गोंद साचून सांधा दगडासारखा कडक होतो. दोन्ही टोकं त्याच ठोकळ्यात, त्याच दिशेनं कापा, म्हणजे तिरके काप एकमेकांवर नीट बसतात. टोकांना बोट लावू नका, हाताचं तेल लागतं. फेविक्विकचा एकच थेंब, सुईच्या टोकावर घेऊन एका बाजूला पसरायचा, टोकं जुळवून ३० सेकंद दाबून धरायचं. ५ मिनिटांनी सांधा दोन बोटांत धरून वाकवून बघा. उघडला तर काप पुन्हा, गोंदावर गोंद नको.

खोबणीत चिकटवायला पूर्ण लांबीभर काही लागत नाही. झाकण उघडताना दोरी निघून येत असेल तर दर १० सेंटिमीटरवर रबराच्या कॉन्टॅक्ट गोंदाचा टिपका तेवढा खोबणीच्या तळाशी द्या. काठोकाठ गोंद भरला तर सरकायची जागाच जाते आणि वरचा सगळा हिशोब वाया.

---

खानापूर_रोड

खूप आभार दोघांचे. रविवारी जाऊन आलो.

फायबर_सदाशिवगड, तुमची शंका खरी निघाली. चारही आयताकृती खिडक्यांच्या निचऱ्याच्या खाचा सिलिकॉननं बंद होत्या. मोकळ्या केल्यावर दोनपैकी एकीचं पाणी जवळजवळ थांबलं. दुसरीत कागदाची पट्टी बिजागरीसमोरच्या बाजूला सुळकन येते. तिसरीत खालच्या कडेवर पाणी सोडलं आणि दोन मिनिटांत चौकटीखालून थेंब आला, झाकण कोरडंच होतं.

झाकणं सपाट आहेत, धार नाही.

दोन ॲक्रिलिकच्या काचांत केसासारख्या बारीक रेषांची जाळी दिसतेय, बोटाला लागत नाही. पॉलिशनं जाईल का? आणि चौकट काढायची म्हणजे कुठून सुरुवात?

---

काळी_खाडी

जाळी पॉलिशनं जात नाही. त्या रेषा वर नसून आत आहेत. ॲक्रिलिकला ॲसिटोन, थिनर किंवा स्पिरिट लागलं की अशी जाळी पडते, आणि पुष्कळदा कुणीतरी काच स्वच्छ करायच्या भरात ते लावलेलं असतं. आजच्या आज तुटणार नाही, पण जाळी स्क्रूच्या भोकापर्यंत पोचलेली असेल तर काच बदला. यापुढे तिला साबणाचं पाणी आणि मऊ सुती फडकं, एवढंच.

चौकट काढण्याबद्दल. तांबूस डागवाली एकच काढायची आहे, असं मी म्हणेन. बाकीच्या कोरड्या असतील तर त्यांचा जुना मसाला उगाच मोडू नका. रबर चौकट जागेवर ठेवूनही बदलता येतं.

आधी भोक बंद करायची सोय. चौकटीचा बाहेरचा छाप पुठ्ठ्यावर काढा आणि १२ मिमीच्या वॉटरप्रूफ प्लायचा त्याहून चारी बाजूंनी २० मिमी मोठा तुकडा बेळगावातूनच कापून न्या. कडांना ब्युटाइल टेपची (मऊ, चिकट रबरी पट्टीची) एक फेरी, आतून एक आडवी पट्टी, आणि मधून एक लांब बोल्ट. भिंतीला नवीन भोक न पाडता बाहेरचा प्लाय आणि आतली पट्टी एकमेकांना ओढून धरतात. पंधरा दिवस निभावतं.

मग आतल्या बाजूचे स्क्रू काढा, प्रत्येक स्क्रू कुठला ते कागदावर चिकटवून ठेवा, लांब्या वेगळ्या असतात. ॲल्युमिनियमच्या चौकटीत स्टीलचे स्क्रू खाऱ्या हवेत जाम झालेले असणार. जोर लावू नका, डोकं मोडेल. भेदक तेल घालून रात्रभर ठेवा, मग स्क्रूच्या डोक्यावर पेचकस ठेवून हलकी टिचकी मारा, आधी किंचित घट्ट करायच्या दिशेनं फिरवा, मग सैल करायच्या. चौकट आणि भिंत यांच्यामध्ये प्लास्टिकचा पातळ चमचा किंवा लाकडी पाचर सरकवत फिरायचं. जुना मसाला चिवट असेल तर मासे धरायची नायलॉनची तंगूस दोन काडक्यांना बांधून करवतीसारखी ओढा, लोण्यातून गेल्यासारखी जाते. लोखंडी पेचकस घुसवून उचकटलीत तर चौकट वाकते, आणि वाकलेल्या चौकटीवर कुठलंच रबर बसत नाही.

चौकट निघाली की भिंतीच्या कापलेल्या कडेकडे बघा. बाहेर फायबर, आत फायबर, मध्ये प्लाय किंवा बाल्सा. पेचकसाच्या मुठीनं भिंत ठोकत भोकापासून लांब जा. टणक आवाज आला तर ठीक, थप असा आला तर मधलं लाकूड कुजलंय. काळं, ओलं, बोटानं निघणारं सगळं कोरून काढा, चांगलं लाकूड लागेपर्यंत. ते चांगलं लाकूडही कडेपासून ८ ते १० मिमी आत कोरायचं. उरलेली ओल हॅलोजनच्या दिव्यानं वाळवायची, दिवा एक फुटावर, आणि हात ठेवता येईल एवढीच ऊब. कारवारची हवा दमट, नुसत्या वाऱ्यावर सोडून वाळत नाही.

वाळल्यावर आधी पातळ इपॉक्सी ब्रशनं कडेला पाजा. ते चिकट आहे तोवरच सिलिका पूड घातलेलं दाट इपॉक्सी भरा, चक्क्याएवढं दाट, उलथण्यावरून न पडणारं. कडेशी सपाट करून २४ तास ठेवा. आता पुढे कधी मसाल्यातून पाणी शिरलंच तरी ते लाकडापर्यंत जात नाही. या कामात माझा सगळ्यात जास्त आग्रह याच पायरीचा. रबर पुन्हा बदलता येतं, केबिनची भिंत नाही. पाऊस लागल्यावर इपॉक्सी करू नका. ओल्या हवेत त्याच्यावर मेणकट थर येतो आणि पुढचं काही चिकटत नाही. आलाच तर साबणाच्या पाण्यानं धुऊन पॉलिश पेपर मारा.

जुनं सिलिकॉन हा खरा वैरी आहे. डोळ्यांना दिसेनासं झालं तरी त्याचा पुसट थर राहतो आणि नवीन मसाला त्यावर धरत नाही. आधी प्लास्टिकच्या पात्यानं खरवडा, मग १२० नंबरचा पेपर, मग स्पिरिटनं पुसा. फडकं दर पुसण्याला बदला, नाहीतर तेच पसरतं. हे स्पिरिट फक्त चौकटीला आणि फायबरला. काच आधीच काढून बाजूला ठेवलेली पाहिजे. खात्री करायला पाण्याचे थेंब शिंपडा. पाणी सपाट पसरलं तर जागा स्वच्छ, गोळ्या होऊन घरंगळलं तर सिलिकॉन अजून आहे.

बसवायला पॉलियुरेथेन, सिकाफ्लेक्स २९१ सारखं, किंवा नुसती ब्युटाइल टेप. कायमचे चिकटवणारे जे बांधकामाचे जबर गोंद येतात ते नकोत, पुढच्या वेळी चौकटीबरोबर फायबरचा पापुद्रा येईल. पॉलिसल्फाइड ॲक्रिलिकला लागू देऊ नका, त्यानं प्लास्टिक खराब होतं. आणि आंबूस वास येणारं स्वस्त सिलिकॉन धातूला लावूच नका. तो वास ॲसेटिक आम्लाचा असतो, ब्राँझ हिरवं पडतं.

एका चौकटीला लागणारा मसाला: परीघ १.१४ मीटर, पट्टी २५ मिमी रुंद, थर २ मिमी धरला तर ५७ मिलि, बाहेर येणारा धरून ७५. ३०० मिलिच्या एका नळीत आरामात होतं. उरलेली नळी फार दिवस टिकत नाही, हेही धरून चाला.

---

आटे_आणि_पेच

काळी_खाडी यांनी सगळं नीट लिहिलंय, एक जोड. चौकट आवळताना बहुतेक जण चूक करतात. स्क्रू पूर्ण पिळले की मसाला सगळा बाहेर येतो आणि आत राहतो कागदाएवढा थर. ऊन-पावसात चौकट आणि फायबर वेगवेगळे फुगतात, एवढा पातळ थर ताणला जाऊन फाटतो. थर २ मिमीचा राहिला पाहिजे. म्हणून आधी हलकं आवळायचं, कडेनं सगळीकडे मसाल्याची सारखी गोट बाहेर दिसेपर्यंत. मग दोन दिवस सोडायचं आणि नंतर पाव फेरा आवळायचा.

---

काळी_खाडी

थराबद्दल एकमत. नंतरच्या पाव फेऱ्याबद्दल नाही. पॉलियुरेथेन धरल्यावर स्क्रू फिरवला की स्क्रूभोवतीचा मसाला पिळून सुटतो, आणि पाणी नेमकं स्क्रूच्या भोकातून जातं. त्यापेक्षा चौकटीखाली चार ठिकाणी २ मिमी जाडीचे रबराचे छोटे ठोकळे ठेवा, मसाल्यातच गाडले जातात. मग एकदाच आवळा आणि विसरा. नट-बोल्टची चौकट असेल तर तुमची पद्धत चालेल, बोल्ट स्थिर धरून फक्त नट फिरवायचा. ब्युटाइलचं उलट आहे, ती कधी कडक होत नाही. दोन-तीन दिवस उन्हात बसवून थोडं थोडं आवळत गेलं तरच ती पूर्ण बसते.

---

आटे_आणि_पेच

स्क्रूच्या भोकाचं पटलं. ठोकळेच बरे.

काचेबद्दल: बेळगावात नावाच्या पाट्या करणारे लेसरवर ॲक्रिलिक कापतात आणि कड काचेसारखी चकचकीत येते. दिसायला सुंदर, पण लेसरच्या उष्णतेनं कडेत ताण राहतो. त्या कडेला पुढे स्पिरिट किंवा गोंदाचा वास जरी लागला तरी जाळी तिथूनच सुरू होते. राउटरवर कापून घ्या आणि शीट कास्ट ॲक्रिलिकचीच मागा, जाडी जुन्या काचेएवढीच. जुनी काच नमुना म्हणून द्या, संरक्षक कागद शेवटपर्यंत काढू नका.

भोकं स्क्रूपेक्षा २ मिमी मोठी पाडायची. ३५० मिमी लांबीचं ॲक्रिलिक ४० अंशांच्या फरकात जवळपास १ मिमी वाढतं, ॲल्युमिनियम तेवढ्यात ०.३ मिमी. भोक घट्ट असेल तर पहिल्याच उन्हाळ्यात भोकापासून तडा जातो. स्क्रूच्या डोक्याखाली नायलॉनची वायसर, आणि खाऱ्या पाण्यासाठी स्टील ३१६ चं. हिडकलसारख्या गोड्या पाण्यात ३०४ भागतं, कारवारला त्याच्यावर महिन्याभरात चहाच्या रंगाचे डाग येतात.

---

खानापूर_रोड

यादी केली आहे, चूक असेल तर सांगा. ईपीडीएम गोल दोरी ५० शोअर, ५ मिमीची ५ मीटर आणि ६ मिमीची २ मीटर, डिझेलची परीक्षा करून. पॉलियुरेथेन १ नळी. ब्युटाइल टेप १ रीळ. इपॉक्सी आणि सिलिका पूड. ३१६ चे स्क्रू, नायलॉन वायसर. कास्ट ॲक्रिलिकच्या २ काचा, राउटरवर. प्लायचा तुकडा. रबरावर शेवटी लावायला व्हॅसलीन. बिजागरीसमोर सैल पडणाऱ्या खिडकीचं काय करू, ते राहिलंय. गोल पोर्टहोलवर हिरवं साचलंय, तेही.

---

उद्यमबाग_पॅकिंग

व्हॅसलीन काढून टाका यादीतून. ते पेट्रोलियमचं, ईपीडीएमला डिझेलसारखंच, फक्त हळूहळू. रबर फुगून खोबणीतून वर येईल. खोबरेल तेलही नको. सिलिकॉन ग्रीसची नखाएवढी ट्यूब घ्या, बोटावर पुसट घेऊन वर्षातून दोनदा फिरवा. रबर काचेला चिकटून बसत नाही, त्यामुळे झाकण उघडताना सांध्यावर ओढ येत नाही.

---

फायबर_सदाशिवगड

सैल बाजूचं सांगतो. नवं रबर घातल्यावर ते आणखी जाणवेल, कारण नवं रबर जुन्या चपट्या रबरापेक्षा उंच असतं. बिजागरीचं माप जुन्याप्रमाणे बसलेलं, त्यामुळे झाकण बिजागरीपाशी आधी टेकतं आणि समोर उघडं राहतं. बिजागरीचे स्क्रू अर्धा फेरा सैल करा, झाकण बंद करून दोन्ही विंग नट आळीपाळीनं थोडे थोडे आवळा, झाकण आपोआप सपाट बसतं. त्याच स्थितीत बिजागरीचे स्क्रू घट्ट करा आणि पुन्हा कागदाची पट्टी फिरवा. बिजागरीची भोकं लांबट नसतील, तर तिच्याखाली पातळ वायसर घालून उंची साधा.

हिरव्याला चिंचेचा कोळ, पितळेची भांडी घासतो तसा. पण खोबणीत कोळ राहू देऊ नका, गोड्या पाण्यानं दोनदा धुऊन, कोरडं करून मगच रबर.

आणि होडी बांधून निघताना विंग नट पूर्ण आवळून ठेवू नका. पाऊस नसेल तर झाकण नुसतं टेकेल एवढेच ठेवा. पंधरा दिवस पूर्ण दाबाखाली राहिलेलं रबर तोच आकार धरतं, आणि तुमचं जुनं रबर तसंच चपटं झालं. पावसाळ्यात मात्र बंद करावंच लागतं, तेव्हा दोन बोटांच्या जोराएवढं, पाना न लावता.

कारवारला फायबरचा माणूस हवा असेल तर मेच्या आधीच सांगून ठेवा. १ जूनला यांत्रिक मासेमारी बंद झाली की ट्रॉलर वर ओढले जातात आणि कारागीर हाताशी लागत नाहीत.

---

खानापूर_रोड

व्हॅसलीन खोडलं. दोरीचे दोन तुकडे आज डिझेलमध्ये टाकलेत, मोजून: ५.०० आणि ५.९५ मिमी. उद्या सकाळी पुन्हा मोजून इथं लिहितो.

---

खानापूर_रोड

पहिला तुकडा ६.१, चांगलाच फुगलाय. दुसरा ५.९५ च, काहीच फरक नाही. म्हणजे ५ मिमीची बरोबर आहे आणि ६ मिमीची परत करायची.

---

उद्यमबाग_पॅकिंग

बरोबर. ६ ची नायट्राइल आहे. परत करताना तोच बुडवलेला तुकडा सोबत न्या आणि दुसऱ्या रिळाचा तुकडा मागून घ्या. एकाच दुकानात दोन्ही जाती शेजारी शेजारी टांगलेल्या असतात, देणाऱ्यालाही फरक दिसत नाही. फुगलेला ५ चा तुकडा वापरात घेऊ नका, तो गेला.